काही झालं तरी गोळी बंद करायची नाही

सुनीताने सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली, उजेडात धरली आणि माझ्या टेबलावरच्या स्टँडमध्ये ठेवली. रक्त वेगाने फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पातळ भाग उरतो. त्याला सीरम म्हणतात. निरोगी माणसाचं सीरम फिकट, लिंबाच्या सरबताच्या रंगाचं असतं. हे हळद कालवल्यासारखं होतं.

"नाव बघितलंत का मॅडम?" सुनीता म्हणाली. ती आमची टेक्निशियन.

नाव मच्छिंद्रचं होतं.

मच्छिंद्र आमच्याच लॅबची गाडी चालवायचा. नगरमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी बायोकेमिस्ट्री लॅब सांभाळते. रक्तातली रसायनं मोजणं हे माझं काम. पेशंट मला सहसा दिसत नाहीत, ते माझ्याकडे ट्यूबमधून येतात. पाथर्डी, शेवगाव, घोडेगाव इथे आमची कलेक्शन सेंटर्स आहेत. तिथली सॅम्पल्स थंड पेटीत घालून मच्छिंद्र नगरला आणायचा. सेंटर तपासायला मीही अधूनमधून त्याच्या शेजारी बसून जायचे आणि वाटेत वाचायचे.

"तुमचं बरं हाय मॅडम," तो म्हणायचा, "पुस्तकात खड्डं न्हाईत."

तो खड्ड्यांतून गाडी फार हळू काढायचा. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, की खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचा, "आरं, आख्ख्या तालुक्याचं रगात हाय मागं. सांडलं तर तू भरून देनार का?"

तो गेला त्याला आता बरेच महिने झाले. हे लिहायला मी पुष्कळदा बसले आणि उठले. जे घडलं ते क्रमाने लिहिणं एवढंच मला जमेल असं वाटतं.

तो प्यायचा. आमच्याकडे लागायच्या आधी ऊसतोडीच्या टोळीवर ट्रॅक्टर चालवायचा, तिथे सवय लागली. आमच्याकडे आल्यावर बरीच वर्षं ती आम्हाला दिसली नाही. मग एकदा घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराजवळ गाडी उभी करून तो आत झोपलेला सापडला. पेटीतला बर्फ वितळला होता, सगळी सॅम्पल्स फेकावी लागली. डॉ. जोशी आमचे फिजिशियन आणि हॉस्पिटलचे अधीक्षकही. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, उपचार घे, नाहीतर गाडीची चावी ठेव. मच्छिंद्रने उपचार घेतले. बायको कांताबाई त्याला शहरातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि गोळी सुरू झाली.

गोळीचं नाव डायसल्फिराम. ती काय करते हे मला त्याला समजावून सांगावं लागलं, कारण त्याने विचारलं.

दारू शरीरात दोन टप्प्यांत मोडते. पहिल्या टप्प्यात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं. दुसऱ्या टप्प्यात लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचं ॲसिटेट करतं. हे व्हिनेगरच्या जातीचं, निरुपद्रवी असतं. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार, एकच काम पुनःपुन्हा करणारा. ही गोळी दुसऱ्या टप्प्यावरच्या कामगाराला कायमचा निकामी करते. शरीर नवा तयार करीपर्यंत ती जागा रिकामी राहते. अशात माणूस प्यायला, की पहिला टप्पा चालू आणि दुसरा बंद. विष रक्तात साचतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. कधीकधी जीवही जातो.

मच्छिंद्रने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे कारखान्याच्या गेटातनं उसाच्या गाड्या आत सोडायच्या, न् आतला काटा बंद ठिवायचा," तो म्हणाला. "मंग व्हनारच की बोंबाबोंब."

"तसंच."

"पन मॅडम, प्यावं वाटायचं ऱ्हाईल का न्हाई?"

"ते या गोळीच्या हातात नाही. ही फक्त भीती घालते."

"मंग बाकीचं मलाच बघावं लागंल," तो म्हणाला.

गोळी घेणाऱ्याला ती आपल्या पोटात आहे हे माहीत असावं लागतं. त्या माहितीमुळेच तो हात आखडता घेतो. शिवाय गोळी कुणा नात्यातल्या माणसासमोर घ्यायची असते. मच्छिंद्र रोज सकाळी कांताबाईंसमोर गोळी गिळायचा आणि तोंड उघडून जीभ दाखवायचा. "शाळंतल्या पोरावानी," तो मला सांगायचा. त्या डॉक्टरांनी कांताबाईंना एक गोष्ट निक्षून सांगितली होती. काही झालं तरी गोळी बंद करायची नाही. बंद झाली की तो पुन्हा पिणार. डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच थांबवा, हेही सांगितलं होतं की नाही, ते आता कळायला मार्ग नाही. कांताबाईंना पहिलं वाक्य पाठ होतं.

काही महिने सगळं बरं चाललं. त्याचा चेहरा भरला, गाडी वेळेवर येऊ लागली. मढीची यात्रा झाली आणि त्यानंतर तो थकलेला दिसू लागला. जेवण जाईना. लघवी चहासारखी होते म्हणाला. मग सुट्टी टाकून गावी गेला. गाव पाथर्डी तालुक्यातलं. तिथे त्याच्या चुलत्याने त्याला काविळीचं झाडपाल्याचं औषध पाजलं आणि चार माणसांत बोलूनही दाखवलं, "कावीळ अशी हुत न्हाई. ह्यो पितोय चोरून." त्या औषधाने काही झालं नाही, तेव्हा कांताबाई त्याला आमच्याकडे घेऊन आल्या. सुनीताने माझ्या टेबलावर ठेवली ती ट्यूब त्या दिवशीची.

मी तपासण्या स्वतः लावल्या. लिव्हरची पेशी फुटली की आतली दोन एन्झाइम रक्तात सांडतात. त्यांना एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणतात. दोन्ही चाळीसच्या आसपास किंवा खाली असायला हवीत. दारूने लिव्हर खराब होतं तेव्हा ही वाढतात, पण सहसा तीनशे-चारशेच्या पुढे जात नाहीत आणि एसजीओटी एसजीपीटीच्या जवळजवळ दुप्पट असतं. कारण दारू शरीरातलं बी-सिक्स जीवनसत्त्व संपवते आणि एसजीपीटीला त्याची गरज जास्त, म्हणून ते मागे पडतं. मच्छिंद्रचे दोन्ही आकडे हजारांत होते आणि एसजीपीटी पुढे होतं. उलटं चित्र.

मी जोशी सरांना फोन केला.

"पुन्हा सुरू केली असणार," ते म्हणाले.

"आकडे तसं म्हणत नाहीत सर."

"आकड्यांचं तुम्ही सांगा. माणसांचं मला ठाऊक आहे. या वॉर्डात 'थेंबही घेतला नाही' न म्हणणारा पेशंट मी अजून पाहिलेला नाही."

"सीबीसी बघा. त्याच्या लाल पेशी."

पिणाऱ्याच्या लाल पेशी फुगतात. मच्छिंद्र पीत होता तेव्हाच्या रिपोर्टमध्ये त्या फुगलेल्या होत्या. लाल पेशी सुमारे चार महिने जगते. आताच्या पेशी नेहमीच्या आकाराच्या होत्या, म्हणजे त्या तयार झाल्या तेव्हा दारू आत येत नव्हती. काल प्यायला का, याचं उत्तर रक्तातली दारू मोजून मिळतं. चार महिने प्यायला का, याचं उत्तर असं मिळतं.

सरांनी फोनवरच रिपोर्ट चाळला. "मग काय, व्हायरल?"

काविळीच्या व्हायरसच्या तपासण्या आम्ही केल्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या. झाडपाल्याचं औषध कावीळ दिसल्यानंतरचं होतं. उरली गोळी. डायसल्फिराम फार थोड्या लोकांच्या लिव्हरला बाधते. कुणाला बाधेल ते आधी सांगता येत नाही. बाधली तर ती ताबडतोब थांबवणं हाच मुख्य उपाय. थांबवली तर पुष्कळदा माणूस सावरतो. चालू राहिली तर लिव्हर हातचं जातं.

"गोळी बंद," जोशी सर म्हणाले. "पण तो पीत नव्हता हे माझ्या मनाला पटेपर्यंत त्याला गाडी मिळणार नाही."

संध्याकाळी मी वॉर्डात गेले. मच्छिंद्र खाटेवर उशीला टेकून बसला होता. डोळे पिवळेजर्द. मला बघून त्याने सलाइन नसलेला हात वर केला.

"आज आमचं रगात आमीच आनलं मॅडम. गाडीबिगर."

"बोलू नकोस फार."

"मॅडम, समदे म्हनत्यात पितोय. चुलता म्हनतो, सर म्हनत्यात. सिस्टर बी तोंडाचा वास घिऊन गेली." तो थांबला. "तुमचं मशीन काय म्हनतंय?"

"तू पीत नाहीस असं म्हणतंय."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलं नाही. "मंग एवढं कांताला सांगा की," तो म्हणाला. "तिचा बी इस्वास न्हाई ऱ्हायलेला. यात्रंतनं उशिरा आलो, धुळीनं डोळे लाल हुते, तवापासनं नीट बोलत न्हाई."

कांताबाई बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. शांत, कमी बोलणारी बाई. मी त्यांना सांगितलं की तपासणीत स्पष्ट दिसतंय, मच्छिंद्रने कित्येक महिन्यांत दारू घेतलेली नाही.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "खरंच न्हाई?"

"खरंच नाही."

"देवच पावला," त्या म्हणाल्या. "गोळीचाच गुन हाय त्यो."

मी हो म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

पहिले काही दिवस त्याला अन्न टिकत नव्हतं. सगळं सलाइनवर होतं. त्या दिवसांत एसजीपीटी उतरू लागलं, रोज थोडं. जोशी सर राऊंडला हसले, असं सिस्टरने सांगितलं. मळमळ थांबली आणि त्याला पातळ जेवण सुरू करायला सांगितलं. हॉस्पिटलचं जेवण त्याला आवडेना. हॉस्पिटलला जवळ पडावं म्हणून कांताबाई केडगावात त्यांच्या बहिणीकडे उतरल्या होत्या. तिथून त्या दोन वेळचा डबा आणू लागल्या.

एसजीपीटी उतरायचं थांबलं. मग पुन्हा चढलं.

मी तपासणी दुसऱ्या मशीनवर करून पाहिली. तोच आकडा. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये आम्ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजतो. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर तयार करतं, म्हणून त्याचा खरा जोर या तपासणीत कळतो. तो वेळ लांबत चालला होता.

"गोळी बंद आहे ना सर?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. चार्टवर मी स्वतः लिहिलंय. पेशंटला सांगितलंय, बायकोला सिस्टरने सांगितलंय."

"मग वाढतंय कशाने?"

"काही केसेस अशाच जातात. लिव्हरने एकदा धरलं की धरलं. पुण्याला बोलून ठेवलंय मी. लिव्हर बदलायची वेळ आली तर."

मी त्या दिवशी पुन्हा वॉर्डात गेले. मच्छिंद्रचं बोलणं संथ झालं होतं. मधेच शब्द विसरायचा. पण मला ओळखलं.

"तोंडाला लई घान चव हाय मॅडम."

"काविळीत येते."

"ही त्यातली न्हाई. लसनावानी. गोळी चालू हुती तवा यायची तसली. हितं आल्यावर गेल्ती." तो अडखळला. "आता परत आलीया."

ही गोळी शरीरात मोडताना तिच्यातलं गंधक सुटं होतं आणि त्याचा वायू श्वासावाटे बाहेर पडतो. तोंडाला लसणासारखी चव येते ती त्याची. गोळी थांबली की काही दिवसांत चव जाते. गेलेली चव आपली आपण परत येत नाही.

मी खाटेला लावलेला चार्ट उघडला. मग कुठून मोजायला लागायचं ते कळलं. अन्न बंद होतं तोवर आकडे उतरत होते. डबा सुरू झाला आणि ते चढले.

कांताबाई बाहेर नळावर डबा धूत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"कांताबाई, डब्यात काय आणता?"

"मुगाचं पातळ वरन, मऊ भात. तिखट न्हाई घालत."

"आणखी काय घालता?"

त्या डब्याचं झाकण धूतच राहिल्या. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"मी रागावणार नाही," मी म्हणाले. "मला फक्त खरं कळायला हवं."

"गोळी," त्या म्हणाल्या. "वाटून घालते. वरनात कळत न्हाई."

"बंद करायला सांगितली होती ना सिस्टरनी?"

"सांगितली. म्हनून तर घालते मॅडम." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरनी सांगितलं हुतं, काही झालं तरी बंद करायची न्हाई. बंद झाली की पिनार. तुमीच म्हनला, इतकं महिनं पिले न्हाईत. गोळीनंच न्हाई पिले ना? आता कुठं बरं व्हायला लागले, घरी येतील, न् पुन्हा सुरू करतील. म्या काय करावं?"

"घरीही घालत होतात?"

"यात्रंपासनं. सकाळची ह्यास्नी देत हुतेच. पन माझ्या बहिनीचा नवरा जिभंखाली धरून मागनं थुकायचा. मला वाटलं ह्ये बी थुकत असतील. म्हनून संध्याकाळी आमटीत येक." त्यांनी झाकण डब्यावर बसवलं. ते नीट बसेना. "त्यास्नी ठावं न्हाई."

म्हणजे घरी दिवसाला दोन. आणि हॉस्पिटलात, आम्ही बंद केल्यावर, डब्यातून.

"आता एकही घालायची नाही," मी म्हणाले. "एकही नाही. डबाही नको. इथलंच जेवण."

"का वो?"

"लिव्हरला सोसत नाही ती."

त्यांनी मान हलवली. त्यांना किती कळलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी जोशी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आम्ही तिला सांगितलं, बंद," ते म्हणाले. "का बंद, ते कुणीच सांगितलं नाही. मीही नाही." मग म्हणाले, "आत्ता तिला याहून जास्त सांगू नका. ती कोलमडायला नको."

डबा थांबला. मी रोज निळ्या झाकणाची ट्यूब आधी लावायचे. रक्त गोठायचा वेळ लांबतच गेला. मग एक दिवस एसजीपीटी झपाट्याने खाली आलं. वॉर्डातला एक शिकाऊ डॉक्टर आनंदाने लॅबमध्ये सांगत आला. मी त्याला बसवलं आणि समजावलं, की फुटायला पेशी उरल्याच नाहीत म्हणजेही ते खाली येतं. तो वॉर्डात परत गेला. मच्छिंद्र तोवर माणसं ओळखेनासा झाला होता. हात पुढे धरला की पंजा पंखासारखा फडफडायचा. रक्तातला अमोनिया मेंदूत गेला की असं होतं. पुण्याला हलवण्याच्या तो पलीकडे गेला होता. पहाटे कधीतरी तो गेला. मी सकाळी कामावर आले तेव्हा सुनीताने सांगितलं.

कांताबाई शवागाराबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी विचारलं, "पीत न्हवते ना मॅडम?"

"नव्हता पीत."

"मंग कशानं गेले?"

जोशी सर तिथे नव्हते. असते तरी त्यांनी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. पीत होता म्हणाले असते, तर ही बाई सुटली असती आणि तो आयुष्यभरासाठी खोटारडा ठरला असता. मी खरं सांगितलं. गोळीने. ती एखाद्यालाच बाधते, कुणाला ते आधी कळत नाही. सकाळची एकटी बाधली असती का, तर कदाचित बाधली असती. डब्यातली नसती तर वाचला असता का, तर कदाचित वाचला असता. दोन्ही 'कदाचित' खरे होते. मी ते त्याच क्रमाने सांगितले.

त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांचा भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला.

दशक्रियेला मी त्याच्या गावी गेले. जोशी सरांनी गाडी दिली, नवा ड्रायव्हर होता. ओढ्याकाठी मंडप घातला होता. आमच्याकडे या विधीला प्रवचन असतं आणि ते संपलं की माईकवरून एकेक जण श्रद्धांजली वाहतो. महाराज तरुण होते, आवाज चांगला होता. त्यांनी व्यसनावर बोलायला घेतलं. कुणी सांगितलं असणार. कर्ता माणूस, हातात नोकरी, पदरात लेकरं, आणि बाटलीने नेला, असं ते म्हणाले. पुरुषांनी माना खाली घातल्या. चुलता पुढच्या रांगेत बसला होता, तो महाराजांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मच्छिंद्रचा मोठा मुलगा, दहावीतला, डोकं भादरलेला, जमिनीकडे बघत बसला होता.

बायकांच्या बाजूने कांताबाई उठल्या. सगळ्यांच्या देखत चालत माझ्यापर्यंत आल्या आणि माझा हात धरला.

"सांगा त्यास्नी," त्या म्हणाल्या.

"कांताबाई, मी सांगितलं तर पुढचंही विचारतील."

"इचारू द्या. तुमी तुमचं सांगा. फुडचं माझं मी बघते."

प्रवचन संपल्यावर सूत्रसंचालकाने हॉस्पिटलचं नाव पुकारलं. मी कधी माईकवर बोललेली नाही. जोशी सरांच्या वतीने दोन वाक्यं बोलायची म्हणून आले होते. ती बोलले. मग म्हणाले, "मच्छिंद्रचं रक्त मी स्वतः तपासलं आहे. गेले कित्येक महिने त्याने दारूला हात लावलेला नव्हता. त्याने सोडली ती सोडलीच होती. त्याच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं."

मुलाने मान वर केली.

मंडपात कुजबुज सुरू झाली. चुलता उठला. वयस्कर माणूस, पांढरा फेटा. "असं कसं मॅडम? पीत न्हवता तर मंग मेला कशानं?"

मी उत्तर द्यायच्या आधी कांताबाईंनी माझ्या हातातून माईक घेतला. त्यांना तो कसा धरायचा ते माहीत नव्हतं. छातीशी धरला. आवाज अर्धा माईकमधून आला, अर्धा तसाच.

"मामंजी, दारू सुटायची गोळी असती. ती ह्यास्नी बाधली," त्या म्हणाल्या. "सकाळची ते सवता घेत हुते. संध्याकाळची मी जेवनात घालत हुते, त्यांच्या नकळत. दवाखान्यात बंद केली, तरी डब्यात घातली. माझा त्यांच्यावर इस्वास न्हवता. ते खरं बोलत हुते."

त्यांनी माईक महाराजांच्या पुढ्यात ठेवला आणि बायकांत जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारच्या दोघी जरा सरकल्या. जागा देण्यासाठी की अंतर ठेवण्यासाठी, मला सांगता येत नाही. चुलता उभाच होता. मग मच्छिंद्रचा मुलगा उठला, आईजवळ गेला आणि तिच्या शेजारी, बायकांच्या बाजूला, जाऊन बसला. त्याला कुणी हटकलं नाही. महाराजांनी समारोपासाठी पुन्हा बोलायला सुरुवात केली, पण आता ते दुसऱ्याच विषयावर बोलत होते.

मी परत आले आणि जोशी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या मनाला पटलं होतं. त्याला सांगायचं राहिलं."

या गोष्टीतून आमच्या कामात जो फरक पडला तो लहान आहे. कुठलीही गोळी थांबवताना आम्ही का थांबवतो ते आता घरच्यांना सांगितलं जातं, आणि जो स्वयंपाक करतो त्याला आधी. 'नकळत काही देता का?' असं विचारून उपयोग नसतो. सगळे नाही म्हणतात. म्हणून जोशी सर विचारत नाहीत. थांबवलेली गोळी आणखी पोटात गेली तर माणूस जाईल, एवढं ते खाटेपाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, आणि मग व्हरांड्यात जाऊन थोडा वेळ एकटे उभे राहतात. बहुतेक वेळा कुणी येत नाही. कधीतरी एखादी बाई मागोमाग बाहेर येते.